रक्ताची साक्ष

रक्त चढविलेल्या कित्येक रोग्यांस पुढें कावीळ कां होते, या प्रश्नाचा पिच्छा अमेरिकेंत हार्वे ऑल्टर यांनीं अनेक वर्षें पुरविला होता. १९७५ सालीं एवढें ठरलें कीं, तोंवर ठाऊक असलेल्या ‘ए’ व ‘बी’ या विषाणूंपैकीं कोणाचाहि हा प्रताप नव्हे. तेव्हां रोगास नांव पडलें तें ‘ए नव्हे, बी नव्हे’ असें! चोराचें वर्णन ‘तो रामा नव्हे, गोविंदाहि नव्हे’ असें करावें, तशांतलाच हा प्रकार. पण याच नांवावर वैद्यकास चौदा वर्षें काढावीं लागलीं.

विषाणु कांहीं केल्या हातीं लागेना. शत्रूस ओळखून त्यास चिकटणारीं जीं द्रव्यें शरीर निर्माण करतें, त्यांस प्रतिपिंडें म्हणतात. कॅलिफोर्नियांतील कायरॉन कंपनींत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनीं अखेर त्यांनाच साक्षीस बोलाविलें. रोग जडलेल्या चिंपांझीच्या रक्तांतील जनुकद्रव्याचे तुकडे त्यांनीं जंतूंत घातले, आणि त्यांपासून निघालेल्या लक्षावधि नमुन्यांवर रोग्याचें रक्तजल टाकून पाहिलें. प्रतिपिंडें ज्या एका नमुन्यास चिकटलीं, तो विषाणूचाच अंश निघाला. १९८९ सालीं शोध प्रसिद्ध झाला. रोगास ‘हेपॅटायटिस सी’ हें नांव मिळालें, आणि पुढल्याच वर्षापासून दात्यांचें रक्त तपासतां येऊं लागलें. २०२० सालचें नोबेल पारितोषिक ऑल्टर, हॉटन व चार्ल्स राइस यांस मिळालें. चू व कुओ त्यांत नाहींत, ही गोष्ट मनास खटकते.

आतां विलक्षण असें कीं, ज्या प्रतिपिंडांनीं शत्रु पकडून दिला, त्यांना तो रोग्याच्या देहांत आवरला नव्हता. हा विषाणु आपलें बाह्य रूप इतक्या त्वरेनें पालटतो कीं, प्रतिपिंडें सिद्ध होतात तोंवर त्यांचें लक्ष्यच बदललेलें असतें. निर्णायक लढा असतो तो पांढऱ्या पेशींपैकीं टी-पेशींचा. त्या प्रारंभींच जोरानें उठून टिकल्या, तर सहा महिन्यांत रोग आपोआप जातो. परंतु हें भाग्य शंभरांत सुमारें तिसांचेंच. इतरांत त्या पेशी शत्रु समोर असतांच थकून जातात, आणि यकृत वर्षानुवर्षें मुकाट्यानें झिजत राहतें. बरें, देवी येऊन गेलेल्यास जसें पुढें अभय मिळे, तसें येथें नाहीं. बऱ्या झालेल्यासहि पुन्हां संसर्ग होऊं शकतो. प्रतिपिंडें मात्र रोग गेल्यावरहि रक्तांत राहतात. त्यामुळें त्यांवरून शत्रु येऊन गेला एवढेंच कळतें. तो अजून घरांत आहे कीं नाहीं, हें पाहण्यास दुसरी तपासणी करावी लागते.

आज दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनीं बहुतेक रोगी बरे होतात. लस मात्र अद्यापि नाहीं.