आठ बाइटांची जागा, पंधरा बाइटांचा शब्द

युटीएफ-8 मध्ये ‘मराठी’ हा शब्द 15 बाइट घेतो. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी, प्रत्येकी तीन. हा शब्द 8 बाइटांच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या राखीव जागेत, भरायचा झाला तर काय घडावं? सी भाषेच्या मानक समितीची वाटचाल समजून घ्यायला मला हा एकच प्रश्न पुरेसा वाटतो.

सुरुवात न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमधली. डेनिस रिची यांनी तिथे सी घडवली. एका यंत्रावरचा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेता यावा म्हणून माइक लेस्क यांनी इनपुट-आउटपुटचं पॅकेज लिहिलं. स्टँडर्ड आय-ओ लायब्ररी उभी राहिली ती त्यातूनच, आणि 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती बाहेर पडली. ‘प्रिंटएफ’ मजकूर छापायचं, ‘एसप्रिंटएफ’ तोच मजकूर मेमरीत लिहायचं. पण जागा किती आहे, हे एसप्रिंटएफला सांगायची सोयच नव्हती. आपला शब्द दिला की ते सगळा लिहून मोकळं व्हायचं आणि उरलेले बाइट शेजारच्या मेमरीवर सांडायचे.

1983 साली अमेरिकेच्या ‘अन्सी’ संस्थेनं एक्सथ्रीजेइलेव्हन ही समिती नेमली. चालू असलेला व्यवहार नीट लेखी करायचा, चालणारे प्रोग्राम मोडायचे नाहीत, हे तिचं धोरण होतं. समितीचं काम चालू असतानाच, नोव्हेंबर 1988 मध्ये मॉरिस वर्म हा स्वतःच्या नकला करणारा प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. त्याच्या वाटांपैकी एक होती ‘गेट्स’ हे फंक्शन. जागेचं माप न विचारणारं, एसप्रिंटएफच्याच कुळातलं. 1989 साली मानक आलं, 1990 साली ‘आयएसओ’नं ते स्वीकारलं. ही दोन्ही फंक्शनं त्यात होती तशीच राहिली.

उपाय आला तो समितीबाहेरून. युनिक्सच्या 4.4 बीएसडी या आवृत्तीत ‘एसएनप्रिंटएफ’ दाखल झालं, आणि जागेचं माप पहिल्यांदा फंक्शनच्या हाती आलं. इतरांनीही ते उचललं, पण नाव सारखं असलं तरी वागणं वेगळं. आपल्या 8 बाइटांच्या बफरवर बीएसडी 7 बाइट लिहून शेवटी, मजकूर संपल्याची खूण म्हणून, शून्य ठेवायचं आणि ‘15 लागले असते’ असं कळवायचं. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या नुसतं उणे एक परत करायच्या. मायक्रोसॉफ्टचं, नावाआधी अधोरेषा असलेलं फंक्शन आठच्या आठ बाइट भरायचं आणि शेवटचं शून्य लिहायचंच नाही. पुढे वाचणाऱ्याला शब्द कुठे संपला हे कळायचं नाही. एकाच कोडचे तीन यंत्रांवर तीन अर्थ.

म्हणून अनेक प्रकल्पांनी स्वतःची शिदोरी बांधली. फाइली उतरवणाऱ्या कर्लनं आपली फंक्शनं लिहिली, एसक्यूलाइट या डेटाबेसनंही लिहिली. एसक्यूलाइटच्या फंक्शनात माप आधी आणि बफर नंतर, मानकाच्या बरोबर उलट. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून तो क्रम आजही तसाच आहे.

सी-99 मध्ये समितीनं बीएसडीची रीत मानकात घेतली. या वाटचालीतला सर्वांत मोलाचा टप्पा मी हाच मानतो. ‘15’ हा आकडा कळला की 16 बाइट मागून घेता येतात आणि पुन्हा लिहिता येतं. ‘उणे एक’ कळलं तर अंदाजानं जागा वाढवत बसायचं. ग्लिबसीनं 2.1 पासून हा नियम पाळला. मायक्रोसॉफ्टचं मानकाबरहुकूम एसएनप्रिंटएफ व्हिज्युअल स्टुडिओ 2015 बरोबर आलं. कागदावरचा शब्द खरा व्हायला सोळा वर्षं गेली.

पुढच्या गोष्टी संमिश्र आहेत. सी-11 मधली तपासणी करणारी पर्यायी फंक्शनं थोड्यांनीच स्वीकारली. ‘गेट्स’ मात्र त्याच मानकानं काढून टाकलं. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या सी-23 मध्ये द्विमान संख्या छापायचीही सोय आली.

आणि आपला शब्द? आजही 8 च्या बफरमध्ये म आणि र पूर्ण बसतात, मग कान्याचा एकच बाइट येतो आणि अक्षर तुटतं. समिती बाइट मोजते, अक्षरं सांभाळणं आपल्याकडे. पण तुटलं हे कळायची खूण तिनं प्रत्येक यंत्रावर एकसारखी केली. परत आलेला आकडा 8 किंवा त्याहून मोठा आहे का, एवढं तपासायचं. ती एक ओळ लिहायला विसरू नये, इतकंच.