नव्या लॅपटॉपला घरातला जुना कम्प्युटर का सापडत नाही? फाइल्स सुरक्षितपणे कशा काढायच्या?

घरात दोन कम्प्युटर आहेत, दोन्ही एकाच राउटरला जोडलेले आहेत, दोन्हींवर इंटरनेट चालतं. तरीही जुन्या कम्प्युटरमधले लग्नाचे फोटो किंवा दुकानाचे हिशेब नव्या लॅपटॉपवर घ्यायला गेलं की 'नेटवर्क पाथ सापडला नाही' असा मेसेज येतो.

यावर सगळ्यात जास्त फिरणारा सल्ला म्हणजे 'एसएमबी१ सुरू करा'. पण बऱ्याच घरांत त्याची गरजच नसते. आणि जिथे असते, तिथे ते सुरू करून तसंच विसरून जाणं धोक्याचं ठरू शकतं.

एसएमबी म्हणजे काय?

विंडोजचे कम्प्युटर एकमेकांच्या फाइल्स ज्या नियमांनुसार मागतात आणि देतात, त्या नियमावलीला 'सर्व्हर मेसेज ब्लॉक' म्हणजेच एसएमबी म्हणतात. तिचं मूळ रूप १९८३ मध्ये आयबीएममध्ये तयार झालं. पुढे मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमध्ये आणली आणि वाढवली.

विंडोज एक्सपीला फक्त पहिली आवृत्ती, म्हणजे एसएमबी१ कळते. व्हिस्टापासून एसएमबी२ आली आणि विंडोज ८ पासून एसएमबी३. दोन्ही कम्प्युटरना कळणारी एक तरी आवृत्ती सुरू असली, तरच फाइल्सची देवाणघेवाण होते.

मायक्रोसॉफ्टने एसएमबी१ बंद का केलं?

एसएमबी१ तयार झालं तेव्हा आजच्यासारखे सायबर हल्ले नव्हते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरने विंडोजच्या एसएमबी१मधल्याच त्रुटीचा फायदा घेतला. एका कम्प्युटरवरून दुसऱ्यावर तो आपोआप पसरत गेला. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या या हल्ल्याचा फटका ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेलाही बसला. या त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता, पण असंख्य कम्प्युटर अपडेट झालेले नव्हते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १०च्या '१७०९' आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकलेल्या कम्प्युटरवर एसएमबी१ मुळात बंद असतं. म्हणजे नवा लॅपटॉप बिघडलेला नसतो, तो एक्सपीशी बोलायला जाणीवपूर्वक नकार देतो.

तुमच्याकडे कोणती जोडी आहे?

विंडोज ७ आणि विंडोज १० किंवा ११ : इथे एसएमबी१ची गरज नाही. विंडोज ७ला एसएमबी २.१ कळतं आणि नव्या विंडोजलाही ते चालतं. अडचण बहुधा पासवर्ड, फायरवॉल किंवा शेअरिंगच्या सेटिंगमध्ये असते.

विंडोज एक्सपी आणि विंडोज १० किंवा ११ : इथे मात्र नेटवर्कवरून फाइल घ्यायची तर एसएमबी१शिवाय मार्ग नाही. नेटवर्कला जोडलेल्या काही जुन्या हार्ड डिस्कचंही तसंच आहे.

विंडोज ११ची '२४एच२' किंवा त्यापुढची आवृत्ती : २०२४च्या या आवृत्तीपासून प्रो विंडोजमध्ये पासवर्डशिवायचा, म्हणजे 'गेस्ट' प्रवेश मुळातच बंद आहे. त्यामुळे 'तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश नाही' अशा अर्थाचा मेसेज घरच्या लॅपटॉपवरही दिसू शकतो. कुठली संस्था, असा प्रश्न पडतो. पण त्याचा अर्थ एवढाच, की समोरच्या कम्प्युटरने पासवर्ड मागितलेला नाही.

नेमकं कुठे अडलंय, हे कसं ओळखायचं?

सेटिंग बदलण्याआधी पुढच्या चार गोष्टी याच क्रमाने तपासा.

१. दोन्ही कम्प्युटर एकाच नेटवर्कवर आहेत का? दोन्हींवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही कमांड द्या. आयपी ॲड्रेसचे पहिले तीन आकडे सारखे हवेत, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.९. एकावर १९२.१६८.१ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.० दिसत असेल, तर घरात बहुधा दोन राउटर वेगवेगळी नेटवर्क चालवत आहेत. लॅपटॉप 'गेस्ट वायफाय'वर असेल तरीही तो इतरांपासून वेगळा ठेवला जातो.

२. नाव दिसत नाही, की उघडत नाही? 'नेटवर्क'मध्ये जुना कम्प्युटर दिसला नाही म्हणजे तो जोडलेला नाही, असं नाही. एक्सपी आपलं नाव जुन्या पद्धतीने जाहीर करतो आणि नवं विंडोज ती पद्धत वापरत नाही. त्यामुळे यादीवर विसंबू नका. फाइल एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश आणि त्यापुढे जुन्या कम्प्युटरचा आयपी ॲड्रेस टाइप करून एंटर दाबा.

३. फायरवॉल अडवतंय का? नव्या विंडोजमध्ये घरचं नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे का, ते पाहा. 'पब्लिक' असेल तर विंडोज त्याला स्टेशनवरच्या वायफायसारखं परकं समजतं. विंडोज ७मध्ये 'होम नेटवर्क' निवडा आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू करा. हे शेअरिंग बंद असेल तर 'पिंग'लाही उत्तर येत नाही. म्हणून पिंग फसलं की वायरच खराब, असं समजू नका.

४. पासवर्ड कोणाचा देताय? सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ज्या कम्प्युटरवर फाइल्स आहेत, त्याचं युजरनेम आणि पासवर्ड द्यायचा असतो, समोरच्या लॅपटॉपचा नाही. लॅपटॉप उघडताना टाकतो तो चार आकडी पिन इथे चालत नाही. आणि खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोज अशा खात्याला नेटवर्कवरून सहसा आत घेत नाही. सोपा उपाय म्हणजे फाइल्स असलेल्या कम्प्युटरवर पासवर्ड असलेलं एक नवं खातं तयार करून फोल्डर त्या खात्याशी शेअर करणं.

एक्सपीच असेल तर काय करायचं?

एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला. त्यामुळे त्याला कायम नेटवर्कवर ठेवण्याऐवजी सगळ्या फाइल्स एकदाच बाहेर काढाव्यात.

फोल्डर एक्सपीवर शेअर करा आणि कॉपी करण्याचं काम नव्या लॅपटॉपवरून करा. असं केलं की नव्या विंडोजमध्ये एसएमबी१चा फक्त 'क्लायंट' हा भाग लागतो. 'सर्व्हर' सुरू करायची गरज पडत नाही, म्हणजे जुन्या पद्धतीने बाहेरून लॅपटॉपमध्ये येण्याचा रस्ता बंदच राहतो. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडा, 'एसएमबी १.०' या शीर्षकाखालचा 'क्लायंट' निवडा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. शक्य असेल तर तेवढ्या वेळापुरती राउटरला येणारी इंटरनेटची जोडणी काढून ठेवा. घरातलं नेटवर्क इंटरनेटशिवायही चालतं.

वेळेचा अंदाज घेऊनच बसा. जुन्या कम्प्युटरमधलं नेटवर्क कार्ड बहुधा सेकंदाला १०० मेगाबिटचं असतं. त्यावरून ४० जीबी फाइल्स यायला साधारण एक तास लागतो. डिस्क जुनी असेल तर आधी परत न मिळणाऱ्या फाइल्स घ्या. फोटो आधी, सिनेमे नंतर.

काम संपलं की तो 'क्लायंट' पुन्हा बंद करा आणि एक्सपीची नेटवर्क वायर काढून टाका.

नेटवर्कशिवाय पर्याय आहे का?

आहे, आणि एक्सपीसाठी बऱ्याचदा तोच बरा. पेन ड्राइव्ह 'एनटीएफएस' प्रकारात फॉरमॅट करा. 'फॅट३२' असेल तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही आणि 'एक्सफॅट' साध्या एक्सपीला वाचता येत नाही. फॉरमॅट केल्यावर पेन ड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

कम्प्युटर सुरूच होत नसेल, तर त्यातली हार्ड डिस्क काढून यूएसबी ॲडॉप्टरने लॅपटॉपला जोडता येते. ॲडॉप्टर घेण्याआधी डिस्क आयडीई आहे की साटा, ते पाहून घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा सुरू करू नका, डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

फाइल आली, पण मराठी वाचता येत नाही?

युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती अशा सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप होत असे. तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नसेल, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते. म्हणून जुन्या कम्प्युटरच्या 'विंडोज' फोल्डरमधलं 'फॉन्ट्स' हे फोल्डरही पाहा आणि तुमच्या परवान्याचे फॉन्ट सोबत घ्या.

शेवटी, जुना कम्प्युटर भंगारात देण्याआधी कॉपी केलेल्या दहा-वीस फाइल्स नव्या लॅपटॉपवर प्रत्यक्ष उघडून पाहा. त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतल्याशिवाय जुनी हार्ड डिस्क पुसू नका.