वसईच्या वेशीवरची घरपट्टी

वसई तालुक्यात आणि त्याच्या वेशीवर सारख्याच आकाराच्या घरांना वेगवेगळी घरपट्टी लागते. नायगावातल्या सदनिकेची आकारणी खाडीपलीकडच्या भाईंदरच्या सदनिकेशी जुळत नाही. आगाशीतल्या घराची पट्टी लगतच्या अर्नाळ्यातल्या घराशी जुळत नाही. या फरकाचे उत्तर दराच्या तक्त्यात थोडे आणि इतिहासात अधिक सापडते. वस्ती गाव केव्हा होती, नगरपालिका केव्हा झाली, महापालिकेत केव्हा गेली आणि तिच्या घरांची आकारणी कोणत्या कायद्याखाली झाली, यावर आजचा आकडा उभा आहे.

वसईच्या सारा-वसुलीची नोंद बरीच जुनी आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि 1554 मध्ये पोर्तुगीज अधिकारी सिमांव बोतेल्यू याने पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाची जी वही तयार केली, तीत वसईच्या गावांचा वसूलही नोंदला. हा वसूल मुख्यतः जमिनीचा होता. भातखाचरे, माडबागा आणि मिठागरे यांच्या मालकांकडून ठरावीक खंड घेतला जाई. राहत्या घरावर वेगळी पट्टी हे या व्यवस्थेचे अंग नव्हते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर मुलूख मराठी अमलाखाली आला. त्या काळच्या करपद्धतीत कसबे आणि पेठांमधल्या व्यापारी व कारागिरांकडून मोहतर्फा घेतला जाई आणि घरपट्टीही ओळखीची होती. मात्र तिचा पैसा सरकारी खजिन्यात जाई. पट्टी भरणाऱ्याच्या गल्लीत दिवा लावण्याशी तिचा संबंध नव्हता.

इंग्रजी अमलात 1844 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील मोहतर्फा आणि तशाच किरकोळ शहरी पट्ट्या रद्द झाल्या. पुढे शहरांतली घरपट्टी आली ती नगरपालिकांच्या हातून आणि वेगळ्या हेतूने. 1850 च्या कायद्याने रस्ते, गटारे आणि दिवाबत्तीसाठी स्थानिक कर बसवण्याची मुभा दिली. त्यानंतर कल्याणला 1855 मध्ये, ठाण्याला 1863 मध्ये आणि वसईला 1864 मध्ये नगरपालिका स्थापन झाली. त्याच दशकात मुंबईहून उत्तरेकडे जाणारी रेल्वे वसईवरून सुरू झाली. स्थानक मात्र कसब्यापासून दूर पडले. ‘वसई रोड’ हे त्याचे नाव ते अंतर आजही सांगते. नवी वसई पुढे या स्थानकाभोवती वाढली आणि जुन्या नगरपालिकेच्या हद्दीबाहेर राहिली. नवघर-माणिकपूरची वेगळी नगरपरिषद झाली ती त्यामुळे. एकाच गावाच्या दोन भागांना दोन संस्थांची बिले येण्याची सुरुवात इथे झाली.

मुंबई इलाख्यातल्या नगरपालिका घरपट्टीपेक्षा जकातीवर अधिक विसंबून असत. नाक्यावर मालाचा कर घेणे सोपे होते. दारात जाऊन घरमालकाकडे पैसे मागणे अवघड होते, कारण नगरसेवकाला निवडून देणारा तोच होता. राज्यातल्या नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये बंद झाली, तेव्हा उत्पन्नाचा हा आधार गेला आणि मालमत्ता करावरचा भार वाढला. महापालिकांत जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही 2015 मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता संपला आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला. आता ज्यावर महापालिका स्वतःच्या अधिकारात कर बसवू शकते, असे मोठे साधन घर आणि जमीन एवढेच उरले आहे.

घरपट्टीपुढचा दुसरा अडसर भाडेनियंत्रणाचा. शहरांची घरपट्टी मुळात घराच्या भाडेमूल्यावर बसते, म्हणजे घर भाड्याने दिले तर वर्षाला काय मिळेल, यावर. परंतु 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी गोठवली, आणि मालकाला कायद्याने जेवढे भाडे घेता येते त्याहून जास्त भाडे धरून कर लावता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. त्यामुळे जुन्या चाळीची पट्टी जागच्या जागी राहिली आणि शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीची पट्टी आजच्या भाड्याने लागली. एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन दारांची बिले कित्येक पटींनी वेगळी असणे हा या व्यवस्थेचा थेट परिणाम आहे. नव्या सदनिकाधारकाला तो अन्याय वाटतो, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही.

महापालिकांसाठी 1949 चा जो कायदा आहे, त्यात ही आकारणी नेमकेपणाने बांधली आहे. वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे. उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर सामान्य कर आणि इतर करांच्या टक्केवाऱ्या लावायच्या. या टक्केवाऱ्या दरवर्षी 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायच्या. केवळ टक्केवारी पाहून शहरांची तुलना केली तर फसगत होते, हे एका उदाहरणाने दिसेल. यातले आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत. 500 चौरस फुटांच्या घराला एका शहरात दरमहा चौरस फुटाला दीड रुपया भाडेदर धरला, तर वर्षाचे 9,000 रुपये होतात, दहा टक्के वजा जाता 8,100 उरतात आणि सर्व कर मिळून 30 टक्के असतील तर पट्टी 2,430 रुपये येते. शेजारच्या शहरात भाडेदर एक रुपया धरला, तर वर्षाचे 6,000, वजा जाता 5,400, आणि कर 40 टक्के असूनही पट्टी 2,160 रुपयेच होते. टक्केवारी जास्त, पट्टी कमी. खरा प्रश्न भाडेदराचा तक्ता कोणी आणि केव्हा ठरवला, हा असतो. रहिवासी मात्र बिलाच्या तळाची रक्कम तेवढी ताडून पाहतात.

शिवाय बिलात एकच कर नसतो. सामान्य कराखाली वृक्ष कर, अग्निशमन, मलप्रवाह, पाणीपुरवठा लाभ कर असे रकाने असतात. शिक्षण कर तर राज्य सरकारचा. 1962 च्या कायद्याने तो शहरी घरांवर बसतो, महापालिका तो फक्त गोळा करून देते. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत हा कर नसतो. गाव शहर झाले की बिलात पहिल्यांदा दिसणारी वाढ काही अंशी अशा रकान्यांमुळे असते, स्थानिक दरामुळे नव्हे.

गावची पद्धत निराळी. ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराची नोंद नमुना 8 मध्ये होते आणि मागणी नमुना 9 मध्ये. गावकरी अजूनही ‘आठचा उतारा’ म्हणतात आणि वीजजोडणीपासून बँकेच्या कर्जापर्यंत सगळीकडे तो काढून देतात. मध्यंतरी ही पट्टी घराच्या क्षेत्रफळावर लावली जात असे. 2015 च्या अखेरीस नियम बदलले आणि ती जमीन व बांधकामाच्या भांडवली मूल्यावर लागू लागली. घरपट्टीसोबत दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी असते. दर कमी असतात, सेवाही मोजक्या असतात. विहीर स्वतःची, सांडपाणी परसातल्या केळीला जाते आणि कचऱ्याचे खत होते. महापालिकेत गेलेल्या, वसईच्या पश्चिमेकडील बागायती गावांत मलप्रवाह कराचे समर्थन करणे म्हणूनच अवघड जाते.

1980 च्या दशकाअखेरीस वसईची शेतजमीन इमारतींसाठी खुली होऊ लागली आणि 1990 मध्ये सिडकोला या उपप्रदेशाचे नियोजन प्राधिकरण नेमले. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे मीरा रोड, भाईंदर, मग नायगाव, वसई, नालासोपारा, विरार या क्रमाने स्थानकामागून स्थानक पुढे सरकत आली. 2011 च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या 12 लाखांहून अधिक भरली. त्याआधी 3 जुलै 2009 रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि पन्नासहून अधिक ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. चार नगरपरिषदांचे चार तक्ते आणि ग्रामपंचायतींचे आपापले दप्तर, हे सारे एका छत्राखाली आले. एवढ्या वेगवेगळ्या आकारण्या एका दिवसात एकसारख्या करणे अशक्य असते. नव्याने आलेल्या भागात कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याची सोय कायद्यात आहे ती याचसाठी.

खाडीच्या दक्षिणेला मीरा-भाईंदरने हीच वाट आधी चालून पाहिली. तिथे ग्रामपंचायती एकत्र करून 1985 मध्ये नगरपरिषद झाली आणि 2002 मध्ये महापालिका. दोन्ही शहरांत आकारणी भाडेमूल्यावर होते. त्यापलीकडचे दहिसर 1957 मध्ये बृहन्मुंबईत गेले आणि तिथे 1888 चा मुंबईचा स्वतंत्र कायदा चालतो. मुंबईने 2010 पासून भाडेमूल्य सोडून भांडवली मूल्य धरले, म्हणजे घराच्या बाजारभावाशी जोडलेली किंमत. तिथे 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. दहिसर चेक नाका ओलांडून मीरा रोडला आले की ही माफी संपते, नायगाव-विरारलाही ती नाही. कामाला मुंबईत जाणाऱ्या आणि घर परवडत नाही म्हणून विरारला राहणाऱ्या कुटुंबाला हा फरक सर्वाधिक बोचतो. मुंबईच्या तिजोरीत बड्या व्यापारी इमारतींचा कर येतो, त्यावर ती लहान घरांना सूट देऊ शकते. वसई-विरारच्या करदात्यांत लहान सदनिकांचाच भरणा मोठा. त्यांना सूट दिली, तर उरणारा बोजा उचलायला फार थोडे हात राहतात.

पाण्याचा भागही तुलनेत धरावा लागतो. मीरा-भाईंदर दीर्घकाळ शहाड-टेमघर योजना आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या पाण्यावर विसंबून होते. वसई-विरारला सूर्या, उसगाव आणि पेल्हार हे स्रोत होते. आता मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या प्रादेशिक योजनेत दोन्ही शहरांचा वाटा आहे. दररोज 403 दशलक्ष लिटर पाण्यापैकी 185 वसई-विरारला आणि 218 मीरा-भाईंदरला. पाणी एकाच धरणाचे, तरी शहरांतर्गत वाहिन्या, टाक्या आणि त्यांच्या कर्जाचा खर्च ज्याचा त्याला, म्हणून पाण्यापोटीची आकारणीही ज्याची त्याला.

वसई-विरारच्या घरपट्टीला अनधिकृत बांधकामांची एक वेगळी बाजू आहे. नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडे परवानगीविना उभ्या राहिलेल्या चाळी आणि इमारतींमध्ये गरजू कुटुंबे राहतात. घर घेतल्यावर ‘घरपट्टी लागली का?’ हा इथला पहिला प्रश्न असतो, कारण पावती हाती आली की घर आपले झाले, असा समज आहे. कायदा तसे मानत नाही. घरपट्टी वापरातल्या बांधकामावर लागते. ती भरल्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही. उलट 4 जानेवारी 2008 नंतरच्या बेकायदा बांधकामांवर कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद 1949 च्या कायद्यात पुढे घालण्यात आली. 2025 च्या सुरुवातीपर्यंत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरीतल्या 41 अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. अशा वेळी पट्टीची पावती घर वाचवू शकत नाही. ती देताना कुटुंबाला हे स्पष्ट शब्दांत सांगणे हे कर वसूल करणाऱ्या संस्थेचे कर्तव्य आहे.

महापालिकेत जाण्याला गावांचा विरोध महापालिका जाहीर होण्याच्या आधीपासूनच उभा होता. आगाशी, निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली, वटार अशा गावांतल्या बागायतदारांना, ख्रिस्ती आणि हिंदू दोघांनाही, आपली हिरवी पट्टी जाईल आणि शहराची पट्टी अंगावर येईल ही भीती होती. ती निराधार नव्हती. तालुक्याच्या रेल्वेलगतच्या भागाचे काय झाले, ते त्यांनी पाहिले होते. जनआंदोलनाच्या बळावर विवेक पंडित 2009 मध्ये वसईतून आमदार झाले आणि 2011 मध्ये राज्य सरकारने 29 गावे वगळण्याची अधिसूचना काढली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, अधिसूचनेला स्थगिती मिळाली आणि पुढली बारा-तेरा वर्षे ही गावे प्रत्यक्षात महापालिकेतच राहिली. पुण्यालगत असाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. 2017 मध्ये महापालिकेत आलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे कराच्या तक्रारीवरून पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. वसईत मात्र 2024 मध्ये सरकारने 2011 ची अधिसूचना मागे घेतली आणि गावे महापालिकेत कायम झाली. अर्नाळा आणि अर्नाळा किल्ला या ग्रामपंचायती हद्दीबाहेरच राहिल्या. म्हणून आगाशीच्या घराची आकारणी आता 1949 च्या कायद्याने भाडेमूल्यावर होते, आणि अर्नाळ्याच्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये भांडवली मूल्यावर.