शिळ्याला फोडणी

गोदरेजने 1958 साली भारतीय बनावटीचा फ्रिज बाजारात आणला. मध्यमवर्गीय मराठी घरांत तो पोचायला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर उरलेलं अन्न टिकवायला होतं जाळीचं कपाट आणि आढ्याला टांगलेलं शिंकाळं. त्यामुळे रात्रीचं उरलेलं सकाळी संपवावंच लागे.

त्या गरजेतून एक वेगळंच पाकशास्त्र घडलं. शिळ्या पोळीचा कुस्करा कांदा, मिरची, हळद घालून परतला की फोडणीची पोळी तयार. भाताचा फोडणीचा भात होई, तर भाकरी ताकात कुस्करली जाई. गोव्यात आदल्या दिवशीचं नारळाचं हुमण मंद आचेवर आटवून ‘कालची कडी’ करतात. आटताना मसाला मुरतो, आंबटपणा गडद होतो, म्हणूनच पेजेबरोबर किंवा पावाबरोबर ती अनेकांना ताज्या हुमणापेक्षा अधिक आवडते.

या काटकसरीला इतिहासानेही भाग पाडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. 1972 च्या दुष्काळात तर अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर आणि दुष्काळी कामांवर वाटलेल्या सुकडीवर लाखो माणसं जगली. अशा दिवसांत भाकरीचा तुकडाही वाया जात नसे.

ही कसबं सांभाळली ती घरोघरच्या बायकांनी, पण छापील पाककृतींत त्यांना जागा कमीच मिळाली. घरातल्या आजींना विचारून या शिळ्याच्या पाककृती आजच लिहून ठेवायला हव्यात.