रुग्णालयाचें वस्त्र आणि गांवचा रस्ता

रुग्णसेवा करणाऱ्यांनीं रुग्णालयांतील पोशाख अंगावर ठेवूनच बाहेर हिंडावें कीं नाहीं, हा प्रश्न अलीकडे सुशिक्षितांच्या बोलण्यांत वारंवार येऊं लागला आहे. ज्यास सध्यां सर्वत्र 'स्क्रब्ज' म्हणतात तो हिरवा किंवा निळा सैल सदरा-पायजमा घातलेली मंडळी भाजीबाजारांत, उपाहारगृहांत आणि एस्. टी. च्या गाडींत दिसतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या शहरांत तर पांढरा एप्रन खांद्यावर टाकून दुचाकीवरून जाणारा विद्यार्थी हें नित्याचेंच दृश्य आहे. एक पक्ष म्हणतो, हे लोक रोगजंतु गांवभर वाटीत सुटले आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, ही विटाळाचीच जुनी भीति असून तिला विज्ञानाचें नवें नांव दिलें आहे इतकेंच. दोन्ही पक्ष हा वाद काल-परवांचा समजतात. वास्तविक तो निदान सव्वादोनशें वर्षांचा जुना आहे, आणि त्याचा इतिहास चाळला असतां एक गोष्ट पुनःपुन्हां नजरेस येते: वस्त्राचा निवाडा करतांना माणसांनीं वस्त्रावरील मळापेक्षां तें नेसणाराच्या दर्जाकडेच अधिक लक्ष दिलें आहे. आजच्या वादांतही ती खोड पुरती गेलेली नाहीं, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम आपल्या घरचीच गोष्ट घेऊं. सोंवळ्याचा आचार हा स्थळानुसार वस्त्र बदलण्याचाच एक नियम होता. स्नान करावें, धुतलेलें धोतर किंवा लुगडें कोणाचा स्पर्श होणार नाहीं अशा उंच वळणीवर काठीनें वाळत घालावें, आणि तें नेसूनच चुलीपाशीं किंवा देवघरांत पाऊल टाकावें. बाहेर जावयाचें झाल्यास तें उतरून ठेवावें. वरवर पाहतां शस्त्रक्रियागृहाचा नियम ह्याहून फारसा निराळा नाहीं. तेथेंही उंबरठा आहे, आंतलें वस्त्र निराळें आहे, आणि बाहेरून आलेल्यानें वस्त्र बदलल्यावांचून आंत शिरावयाचें नाहीं. परंतु सोंवळ्यानें मळ कधीं मोजला नाहीं. रेशमी मुकटा आणि लोकरीची धाबळी हीं जात्याच शुद्ध मानलीं गेल्यामुळें रोज धुतलीं नाहींत तरी सोंवळींच राहत; उलट नुकतेंच धुतलेलें सुती वस्त्र परजातीच्या माणसाचा स्पर्श होतांच ओंवळें होई. स्वच्छतेचा सांगाडा हातीं होता, पण त्यांत प्राण भरला तो जातीचा.

ह्याचा सर्वांत कठोर परिणाम बाळंतिणीनें भोगला. सुवेराचा विटाळ असल्यामुळें तिच्या खोलींत जें जाईल तें पुढें टाकून द्यावें लागणार, म्हणून तिच्या वाट्यास फाटकीं जुनेरें, मळकें अंथरूण आणि मोडकी बाज येई. दाईच्या अंगावरील लुगडें धुतलेलें आहे कीं नाहीं, ही चौकशी करण्याचें कारणच कोणास वाटत नसे; कारण ती बाई आणि तिचें काम हीं दोन्ही आधींच ओंवळीं ठरलेलीं. ज्या प्रसंगीं मनुष्यदेहास धुतलेल्या कापडाची सर्वांत अधिक गरज, त्याच प्रसंगीं घरांतलें सर्वांत घाणेरडें कापड पुढें केलें जाई. धुतलेल्या वस्त्रास विटाळ मानणारी आणि मळलेल्या वस्त्रास बाळंतिणीजवळ जाऊं देणारी बुद्धि एकच होती.

ह्यावरून आपलाच समाज तेवढा अडाणी होता असें मात्र समजूं नये. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथें डॉ. अलेक्झांडर गॉर्डन यांनीं १७९५ सालीं सूतिकाज्वरावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हा ज्वर वैद्य आणि सुइणी याच एका बाळंतिणीकडून दुसरीकडे नेतात असें त्यांनीं दाखविलें, आणि स्वतःच्या हातूनही तो कित्येक स्त्रियांस जडल्याचें प्रांजळपणें लिहून ठेवलें. त्यांनीं सुचविलेला उपाय आपल्या विषयाच्या अगदीं मर्मावर आहे: रोग्याचीं वस्त्रें जाळावीं किंवा पुरतीं शुद्ध करावीं, आणि शुश्रूषा करणारांनीं अंग धुऊन, कपड्यांस धुरी दिल्याखेरीज ते पुन्हां अंगावर चढवूं नयेत. पुढें १८४३ सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथें डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनीं तोच मुद्दा अधिक जोरानें मांडला. सूतिकाज्वरानें मेलेल्या स्त्रीचें शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरानें अंगावरचा प्रत्येक कपडा बदलावा आणि निदान एक दिवस दुसऱ्या बाळंतिणीकडे जाऊं नये, असें त्यांचें सांगणें होतें. व्हिएन्ना येथें इग्नाझ सेमेलवाइस यांनीं १८४७ सालीं हात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें धुण्याचा नियम घातला. त्याच्या आदल्या वर्षीं तेथील ज्या कक्षांत वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, त्यांत शेंकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या होत्या, आणि सुइणींच्या कक्षांत शेंकडा ३ हून कमी. विद्यार्थी प्रेतें फाडून तसेच प्रसूतिगृहांत येत, सुइणी येत नसत, एवढाच महत्त्वाचा फरक होता.

हे आंकडे डोळ्यांसमोर असूनही विद्वानांचें मन वळावयास पुष्कळ काळ लागला. फिलाडेल्फियाचे डॉ. चार्ल्स मेग्ज यांस तर हा आरोपच अपमानकारक वाटला. डॉक्टर हा सद्गृहस्थ, आणि सद्गृहस्थाचे हात स्वच्छच असावयाचे, अशी त्यांची विचारसरणी होती. आपल्याकडील मुकट्याचा न्याय आणि हा न्याय यांत काय अंतर आहे? रेशीम जात्या शुद्ध, तसा सद्गृहस्थही जात्या शुद्ध. त्या काळचे शस्त्रवैद्य रक्तानें ताठर झालेला काळा कोट अंगावर चढवून शस्त्रक्रिया करीत, आणि कोट जितका जुना व डागाळलेला तितका मालकाचा अनुभव मोठा, असें मानण्यांत येई. ही समजूत कशी पालटली हें अमेरिकन चित्रकार टॉमस ईकिन्स यांच्या दोन चित्रांवरून उत्तम रीतीनें कळतें. १८७५ च्या चित्रांत डॉ. ग्रॉस रस्त्यावर शोभेल अशा काळ्या कोटांत शस्त्रक्रिया करीत आहेत. १८८९ च्या चित्रांत डॉ. ॲग्न्यू व त्यांचे साहाय्यक पांढरीं वस्त्रें परिधान करून उभे आहेत. मधल्या १४ वर्षांत लिस्टर यांचा जंतुनाशनाचा सिद्धान्त मान्यता पावला होता, आणि रस्त्याचें वस्त्र निराळें व रुग्णालयाचें निराळें हा भेद रूढ होऊं लागला होता.

आतां पुन्हां महाराष्ट्राकडे वळूं. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं मुंबईच्या मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला. आणि १८९७ च्या फेब्रुवारींत सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. रोग्यांचे कपडे व अंथरुणें जाळणें हा त्या काळच्या बंदोबस्ताचा एक ठळक भाग होता. प्लेग उंदरांवरील पिसवांच्या द्वारें पसरतो हें पॉल-लुई सिमों यांनीं १८९८ सालीं कराचीस प्रयोग करून दाखविलें. पिसवा कपड्यांतून व अंथरुणांतून प्रवास करूं शकतात, म्हणून वस्त्रांविषयींचा संशय अगदींच निराधार नव्हता. परंतु तो संशय ज्या पद्धतीनें अंमलांत आला तिनें लोकांच्या मनांत रोगाहून अधिक धास्ती उत्पन्न केली. पुण्यास गोऱ्या सोजिरांनीं बूट घालून स्वयंपाकघरांत व देवघरांत शिरावें, सामान बाहेर फेकावें, ह्याचा संताप १८९७ च्या २२ जूनच्या रात्रीं रँडसाहेबांच्या खुनापर्यंत पोंचला. गणवेश हा अंगावरचा कपडा असतो, तसाच तो पाहणाराच्या मनावर उठणारा ठसाही असतो, हें त्या वर्षानें शिकविलें.

त्याच साथींत ह्याच्या अगदीं उलट असें एक उदाहरण घडलें. सावित्रीबाई फुले यांनीं पुत्र डॉ. यशवंतराव यांच्यासह पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका अस्पृश्य कुटुंबांतील रोगग्रस्त मुलास त्यांनीं पाठीवर घालून तेथें आणलें, आणि १८९७ च्या १० मार्चला त्या स्वतः त्याच रोगानें निवर्तल्या. ज्यांच्या स्पर्शानें वस्त्र ओंवळें होतें असें समाज म्हणत होता, त्यांना त्यांनीं अंगाशीं धरलें. सोंवळें मोडणें हें त्यांच्या हातून झालेलें थोर कार्य होय. आणि संसर्गापासून त्यांचें रक्षण करील असें साधन त्या वेळीं कोणापाशीं नव्हतें, हीही तितकीच खरी गोष्ट होय. ह्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळूं न देणें, ह्यांतच आजच्या प्रश्नाची किल्ली आहे.

त्या मिसळल्या म्हणजे काय होतें तें २०२० सालीं आपण पाहिलें. २२ मार्चला लोकांनीं घरांच्या सज्ज्यांत उभे राहून डॉक्टर-परिचारिकांसाठीं टाळ्या व थाळ्या वाजविल्या, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत देशांतील कित्येक शहरांत घरमालक त्याच परिचारिकांना खोली सोडा म्हणून सांगूं लागले. अखेरीस २२ एप्रिलला सरकारला वटहुकूम काढून १८९७ चाच तो कायदा दुरुस्त करावा लागला, आणि आरोग्यसेवकांवरील हल्ला हा कठोर शिक्षेचा गुन्हा ठरला. प्लेगच्या काळीं जो कायदा अधिकाऱ्यांच्या हातीं प्रजेविरुद्ध देण्यांत आला होता, त्यालाच सव्वाशें वर्षांनीं सेवकांचें प्रजेपासून रक्षण करावें लागलें. भीति पुन्हां एकदां कापडावरून माणसावर गेली होती.

मग प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? जेरुसलेम येथील एका रुग्णालयांत डॉक्टर व परिचारिका यांच्या गणवेशांची तपासणी झाली. तिचा अहवाल २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत शेंकडा ६० हून अधिक गणवेशांवर रोगकारक ठरूं शकणारे जंतु सांपडले. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयांत ४० परिचारिकांवर केलेला अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें एक-षष्ठांश पाळ्यांत त्यांच्या कपड्यांवर नवे जंतु आल्याचें त्यांत दिसलें. म्हणजे जंतु कपड्यांवर बसतात ह्याविषयीं शंका नाहीं. परंतु तेच जंतु बाजारांत वा गाडींत दुसऱ्याच्या अंगावर जाऊन त्यास आजारी पाडतात, हें सिद्ध करणारा भक्कम पुरावा अद्याप मिळालेला नाहीं. ब्रिटनच्या आरोग्यखात्यानें २००७ सालीं कोंपरापर्यंत हात उघडे ठेवण्याचा नियम केला, तेव्हां प्रसिद्ध केलेल्या आढाव्यांतही गणवेशामुळें संसर्ग पसरतो असा निर्णायक पुरावा नसल्याचें नमूद होतें. बाहेर गणवेश घालूं नये ह्या शिफारशीचा मुख्य आधार लोकांचा विश्वास हा होता. त्याच मार्गदर्शनांत ६० अंश उष्णतेच्या पाण्यांत १० मिनिटें धुतल्यास कपड्यांवरील बहुतेक सर्व जंतु नाहींसे होतात असेंही सांगितलें आहे.

म्हणून पहिल्या पक्षाचा आक्रोश अतिरेकी आहे. तथापि दुसऱ्या पक्षाचा निष्कर्षही टिकत नाहीं. पुरावा अपुरा असणें आणि धोका नसणें ह्या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय वस्त्राचा प्रवास दोन्ही बाजूंनीं होतो. गाडीच्या बांकावर टेंकलेला, चहाच्या टपरीवर धुरळलेला सदरा घालून नवजात अर्भकाजवळ जाणें कोणत्याही हिशेबानें समर्थनीय नाहीं. सद्गृहस्थाचे हात स्वच्छच असतात असें म्हणणारे डॉ. मेग्ज आणि आमच्या अंगावरचे स्क्रब्ज स्वच्छच असतात असें म्हणणारा आजचा तरुण डॉक्टर, हे नकळत एकाच पंक्तीस बसतात.

हा विचार मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांपुरता ठेवूनही चालणार नाहीं. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यांतील साखरखेर्डा हें गांव घ्या. १७२४ च्या ऑक्टोबरांत निजाम-उल्-मुल्कानें येथें हैदराबादचा सुभेदार मुबारीजखान यास लढाईंत मारिलें आणि दक्षिणेंत आपली सत्ता कायम केली, म्हणून इतिहासाचा अभ्यासक ह्या गांवाचें नांव घेतो. लढाई एका दिवसांत संपली. गांवांतील बाळंतपणें मात्र तेव्हांपासून आजतागायत चालूच आहेत. अशा गांवीं काम करणारी परिचारिका पुष्कळदां दुसऱ्या गांवाहून एस्. टी. नें येते. तिनें कपडे रुग्णालयांतच बदलावे असा नियम सांगणें सोपें आहे. परंतु बदलावयास बंद खोली, ठेवावयास कपाट, धुवावयास पाणी आणि धुणारा माणूस हीं कोठून यावयाचीं? आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें गांवोगांव नेमलेल्या आशा कार्यकर्त्यांचें काय? त्यांचें कामच घरोघर फिरण्याचें. त्यांच्या दृष्टीनें सारा गांव हाच रुग्णालयाचा कक्ष. त्यांना 'बाहेर' हा शब्दच लागू पडत नाहीं; त्यांना हात धुण्याची सोय आणि धुतलेलें वस्त्र एवढेंच मागतां येईल.

आमच्या मतें नियम असा असावा: शस्त्रक्रियागृहाचें वस्त्र त्याच्या दाराबाहेर कदापि जाऊं नये, कक्षांतील वस्त्र रुग्णालयाच्या फाटकाबाहेर जाऊं नये, आणि दोन्ही वस्त्रें धुण्याचा भार रुग्णालयानें उचलावा. ह्यांतील तिसरें कलम पाळल्याशिवाय पहिल्या दोहोंसाठीं कोणास बोल लावण्याचा अधिकार व्यवस्थापकांस पोंचत नाहीं. खोली नाहीं, पाणी नाहीं, आणि तरीही गाडींत शेजारीं बसलेल्या परिचारिकेकडे पाहून पदर आवरून घ्यावयाचा, हें जुनें सोंवळेंच होय. तें पाळणाऱ्यानें जंतुशास्त्राचे चार शब्द शिकून घेतले आहेत एवढाच काय तो फरक. उलट सर्व सोयी हाताशीं असतां केवळ मिरविण्यासाठीं एप्रन खांद्यावर टाकून बाजारांतून जाणाऱ्या डॉक्टरास मात्र दोन शब्द स्पष्ट सुनावण्यास हरकत नाहीं. त्याच्या विद्येचा मान त्या कापडावर अवलंबून नाहीं, आणि तें कापड रुग्णालयांत ज्याच्या रक्षणासाठीं घालावयाचें तो रोगी बाजारांत नसून मागें खाटेवर आहे.