मानमोडीची साथ

इतिहास म्हटला म्हणजे लढाया व तहनामेच आमच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु पहिल्या महायुद्धांत सर्व राष्ट्रांचे मिळून जितके सैनिक पडले, त्यांहून अधिक माणसें १९१८ च्या इन्फ्लुएंझानें एकट्या हिंदुस्थानांत नेलीं असावींत, असा अभ्यासकांचा अदमास आहे. आमच्याकडील लोकांनीं या तापास 'मानमोडी' म्हटलें.

जूनमध्यें मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापानें आजारी पडले. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरांत दुसरी आली, ती मात्र काळ होऊन; ६ ऑक्टोबर या एकाच दिवशीं शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले.

वैद्यकशास्त्र तेव्हां अंधारांत चांचपडत होतें. १८९२ सालीं फायफर यांनीं दाखविलेला जंतूच या रोगाचें मूळ, असा समज होता. खरा विषाणु माणसाच्या घशांतून हातीं लागला तो १९३३ सालीं, लंडनमध्यें. म्हणजे रामबाण औषध श्रीमंतापाशींही नव्हतें व गरिबापाशींही नव्हतें. असें असतां मुंबईंत युरोपियनांत हजारीं सुमारें ८ माणसें दगावलीं, आणि ज्यांना समाजानें खालचें मानलें त्या हिंदु जातींत सुमारें ६१! हा फरक औषधानें पाडला नाहीं. त्या वर्षीं पाऊस फसला होता, धान्य महागलें होतें. चाळीच्या एका खोलींत सारें कुटुंब एकदम अंथरुणाला खिळलें, तर घोटभर पाणी देण्यास कोण उरणार? तापामागून न्युमोनिया येई व तोच बहुधा प्राण घेई. शुश्रूषेचा भार वाहणाऱ्या स्त्रिया तर पुरुषांहून अधिक संख्येनें बळी पडल्या.

आज लस आहे. विषाणु रूप पालटतो म्हणून ती दरवर्षीं नवी करावी लागते. पहिल्या दोन दिवसांत सुरू केल्यास अधिक गुण देणारीं औषधें आहेत. मागाहून होणाऱ्या जंतुजन्य न्युमोनियावर प्रतिजैविकेंही आहेत. हें सारें इष्टच. तथापि मोकळी हवा, सकस अन्न, आजाऱ्यास निराळी जागा व उशाशीं एक माणूस, यांवांचून शास्त्राचा हात घरापर्यंत पोंचत नाहीं. मानमोडीनें माणसें मारलीं हें खरें. पण कोणीं मरावें, हें पुष्कळसें आमच्या समाजरचनेनें आधींच ठरवून ठेविलें होतें, हें आम्हीं विसरतां कामा नये.