आरएनए प्रक्रियेतील जनुके आणि लिंगसापेक्ष स्मृतिभेद

पेशीकेंद्रकात तयार झालेल्या आरएनएची काटछाट व जोडणी, त्याची पेशीतील वाहतूक, त्यावरून होणारे प्रथिननिर्मितीचे नियमन आणि शेवटी त्याचा नाश ही कामे करणारी प्रथिने ज्या जनुकांवरून तयार होतात, त्यांना स्थूलमानाने आरएनए प्रक्रियेतील जनुके म्हणतात. यांतील काही महत्त्वाची जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत. पुरुषांत हे गुणसूत्र एकच, तर स्त्रियांत दोन असतात. त्यामुळे अशा जनुकात बिघाड झाल्यास अध्ययन व स्मृती यांवर होणारा परिणाम दोन्ही लिंगांत सारखा नसतो. या भेदाचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण म्हणजे फ्रॅजाइल एक्स संलक्षण होय.

स्मृती आणि आरएनए

दीर्घकालीन स्मृती टिकण्यासाठी चेतापेशींमधील जोडांच्या ठिकाणी नवी प्रथिने तयार व्हावी लागतात. चेतापेशीच्या शाखा केंद्रकापासून बऱ्याच दूर असतात. म्हणून संदेशक आरएनए तेथवर आधीच नेऊन ठेवला जातो आणि संकेत मिळेपर्यंत त्यावरील प्रथिननिर्मिती रोखून धरली जाते. हे रोखण्याचे काम करणाऱ्यांपैकी एक प्रमुख प्रथिन म्हणजे एफएमआरपी. ते नसल्यास प्रथिने अवेळी व अधिक प्रमाणात तयार होतात आणि जोडांची ताकद अनुभवानुसार कमीजास्त होण्याची क्रिया बिघडते. म्हणजे येथे दोष प्रथिनांच्या अभावाचा नसून अनावर निर्मितीचा आहे.

फ्रॅजाइल एक्स संलक्षण

जे. पर्डन मार्टिन आणि ज्युलिया बेल यांनी १९४३ साली एका ब्रिटिश कुटुंबातील लिंगसंलग्न बौद्धिक अक्षमतेचे वर्णन केले. हर्बर्ट लब्ज यांना १९६९ मध्ये अशा रुग्णांच्या एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ तुटल्यासारखा भाग दिसला; संलक्षणाचे नाव त्यावरूनच आले. एफएमआर१ हे जनुक १९९१ मध्ये सापडले. या जनुकाच्या आरंभी सीजीजी या तीन अक्षरांची पुनरुक्ती असते. सामान्यतः ती ४४ पर्यंत असते. ५५ ते २०० पुनरुक्तींना पूर्वउत्परिवर्तन आणि २०० हून अधिक असल्यास पूर्ण उत्परिवर्तन म्हणतात. पूर्ण उत्परिवर्तनात जनुक जवळजवळ बंद पडते व एफएमआरपी तयार होत नाही.

पूर्ण उत्परिवर्तन सुमारे ७,००० पुरुषांत एकाला व ११,००० स्त्रियांत एकीला असते, असा अंदाज आहे. पुरुषांत बहुधा मध्यम ते तीव्र बौद्धिक अक्षमता आढळते. स्त्रियांत मात्र चित्र एकसारखे नसते. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडल्याप्रमाणे, मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते. सदोष गुणसूत्र किती पेशींत निष्क्रिय झाले यावर त्या स्त्रीतील एफएमआरपीचे प्रमाण ठरते. त्यामुळे काहींना बौद्धिक अक्षमता असते. काहींची बुद्धी सर्वसामान्य असूनही गणित, नियोजन व लक्ष टिकवणे अवघड जाते, शिवाय लाजाळूपणा व सामाजिक भीती दिसते. वर्गात शांत बसणारी, गणितात मागे पडणारी मुलगी ‘अभ्यासात कच्ची’ ठरते आणि तपासणीपर्यंत पोहोचतच नाही, हा या सौम्यतेचा तोटा आहे.

पूर्वउत्परिवर्तनात बिघाडाची तऱ्हा वेगळी असते. जनुक बंद नसते, उलट लांबलेला आरएनए अधिक प्रमाणात तयार होतो. तो केंद्रकात साचून आरएनएच्या जोडणीत आणि सूक्ष्म आरएनए घडवण्यात भाग घेणारी प्रथिने अडकवून ठेवतो. पन्नाशीनंतर अशा पुरुषांपैकी सुमारे ४० टक्क्यांत कंप, तोल जाणे व स्मृतिऱ्हास दिसतो; स्त्रियांत हे प्रमाण बरेच कमी आहे. स्त्रियांपैकी सुमारे २० टक्क्यांत बीजकोशाचे कार्य अकाली मंदावते.

आनुवंशिकता

पूर्वउत्परिवर्तन असलेल्या पित्याकडून ते सर्व मुलींना मिळते, मुलांना मिळत नाही. पूर्ण उत्परिवर्तनापर्यंतची वाढ मात्र मातेकडून पुढच्या पिढीत जाताना होते. परिणामी धडधाकट आजोबा, वरकरणी निरोगी मुलगी आणि बाधित नातू अशी साखळी अनेक घराण्यांत दिसते. आजाराचे खापर आईवर फोडले जाते, तेव्हा ही पुनरुक्ती तिला वडिलांकडून आलेली असू शकते हे विसरले जाते.

इतर जनुके

डीडीएक्स३एक्स हे जनुक आरएनएच्या गुंडाळ्या उलगडणारे प्रथिन बनवते. २०१५ च्या एका अभ्यासानुसार, कारण न सापडलेल्या बौद्धिक अक्षमतेच्या स्त्री-रुग्णांपैकी १ ते ३ टक्क्यांत या जनुकात दोष असतो. येथे फ्रॅजाइल एक्सच्या उलट बहुतेक रुग्ण स्त्रियाच आहेत. सदोष आरएनए नष्ट करण्याच्या यंत्रणेतील यूपीएफ३बी या जनुकातील दोष मात्र प्रामुख्याने पुरुषांत प्रकट होतो. तो २००७ मध्ये नोंदवला गेला.

फळमाशीत लिंगनिश्चितीच आरएनएच्या जोडणीवर अवलंबून असते. सेक्स-लीथल व ट्रान्सफॉर्मर या जनुकांमुळे मादीत आरएनएची जोडणी एका तऱ्हेने होते आणि नरात ती दुसऱ्या तऱ्हेने होते. समागम झालेल्या मादीने झिडकारल्यावर नर प्रणयाराधन कमी करतो, ही त्याची शिकण्याची चाचणी १९७९ पासून वापरात आहे. एफएमआर१ नसलेल्या नरांत ही स्मृती टिकत नाही. काही औषधांनी ती सुधारल्याचे २००५ मध्ये दिसून आले. उंदरांतही असेच उत्साहवर्धक निष्कर्ष मिळाले. पण माणसांवरील मावोग्लुरंटच्या चाचण्या अपयशी ठरल्या. उंदरांवरील बहुतांश काम केवळ नरांवर झाले आहे, ही या संशोधनातील ठळक उणीव मानावी लागेल.

भारतातील स्थिती

बंगळूरच्या इन्स्टेम या संस्थेत एफएमआरपीवर संशोधन झाले आहे. मुंबईत फ्रॅजाइल एक्स सोसायटी – इंडिया ही संस्था बाधित कुटुंबांसाठी काम करते. बालकांतील विकासविलंब शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरसारख्या आदिवासीबहुल तालुक्यात अशी भेट हीच अनेक मुलांची पहिली तपासणी ठरू शकते. या तपासणीत विकासविलंब ओळखता येतो, त्याचे जनुकीय कारण मात्र कळत नाही. एफएमआर१ ची निश्चिती रक्तातील डीएनएच्या चाचणीनेच होते.